उजनीची टक्केवारी आणि होडीचा काठ

उजनीत पाणी किती, हा प्रश्न पुणे आणि सोलापूर जिल्ह्यांत वर्षाचे बाराही महिने विचारला जातो. उसाचा बागाईतदार तो विचारतो, सोलापुरातील गृहिणी विचारते, साखर कारखान्याचे चालक विचारतात. उत्तर मिळते ते टक्क्यांत, आणि त्या उत्तराने या सर्वांचे काम भागते. परंतु ज्यांचे जाणे-येणे, बाजारहाट आणि मासेमारी या जलाशयावर होडीतून चालते, त्यांना या टक्क्यांतून काय उमगते, हे कोणी विचारीत नाही. तो प्रश्न आज आम्ही विचारू इच्छितो.

तो विचारण्यास कारण आहे. करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली होडी २१ मे २०२४ रोजी सायंकाळी वादळी वाऱ्यात सापडून उलटली आणि सहा जणांना जलसमाधी मिळाली. त्यांत लहान मुलेही होती. होडी उलटली ती वाऱ्याने, पाणी घटल्यामुळे नव्हे, हे आम्ही जाणतो. पण २०२३ च्या अपुऱ्या पावसामुळे धरण भरलेच नव्हते आणि त्या दिवशी साठा उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेलेला होता. धरण आटले, असे शहरातील आपण सारे म्हणत होतो. त्या आटलेल्या धरणात सहा माणसे बुडाली!

हा चमत्कार समजून घेण्यास थोडा हिशेब करावा लागतो. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, म्हणजे तितके अब्ज घनफूट आहे. त्यांपैकी उपयुक्त साठा ५३.५७ आणि मृत साठा ६३.६६ टीएमसी. टक्केवारी मोजतात ती केवळ उपयुक्त साठ्याची. म्हणून शून्य टक्के म्हणजे रिकामे धरण नव्हे. उणे ५० टक्क्यांनाही तेथे सुमारे ३७ टीएमसी पाणी उरते. बागाईतदाराच्या दृष्टीने धरण संपलेले असते, नावाड्याच्या दृष्टीने ते माणूस बुडण्याइतके खोल असते.

दुसरी गोष्ट उताराची. जलाशय पूर्ण भरतो तेव्हा पातळी ४९६.८३ मीटर असते. शून्य टक्क्यांस ती ४९१.०३ मीटरवर येते. फरक सहा मीटरांहूनही कमी. परंतु भीमेचे हे खोरे उथळ व पसरट असून भरल्या धरणाचे पाणी सुमारे २९ हजार हेक्टरांवर पसरते. त्यामुळे पातळी हातभर उतरली की काठ कितीतरी दूर सरकतो. कालचा धक्का आज कोरड्यावर पडतो. म्हाताऱ्याकोताऱ्यांना आणि पाठीवर दप्तर घेतलेल्या मुलांना गाळ तुडवीत होडी गाठावी लागते. पळसदेवचे प्राचीन मंदिर पाण्याबाहेर आले की आपण पुण्याहून छायाचित्रे घेण्यास जातो. पण त्याच सुमारास बुडालेल्या गावांच्या भिंती आणि झाडांचे बुंधे पाण्याखाली वीतभर अंतरावर येऊन ठेपतात. मंदिर दिसते, भिंत दिसत नाही. आणि होडी फुटते ती न दिसणाऱ्या भिंतीवर.

पावसाची गोष्ट याहून निराळी. उजनी भरते ती मुख्यतः सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरील पावसाने. भिगवणला आकाश निरभ्र असते आणि खडकवासल्याहून व इतर धरणांतून सोडलेले पाणी बंडगार्डन, दौंड करीत जलाशयाकडे येत असते. दौंडचा विसर्ग वाढला की पाणी चढणार, हे पाटबंधारे खात्याला ठाऊक असते. काठावर होडी बांधणाऱ्याला ते कळेलच, याची शाश्वती नसते. ज्या जलाशयाने मे २०२४ मध्ये तळ दाखवला, तोच ऑगस्टमध्ये काठोकाठ भरला. २०२५ मध्ये तर इंदापूर-दौंड भागात मे महिन्यातच अतिवृष्टी झाली आणि जुने आडाखे कोलमडले.

अमेरिकेतील लेक मीड हा जलाशय जुलै २०२२ मध्ये सुमारे १,०४० फुटांच्या पातळीवर, म्हणजे १९३७ नंतरच्या नीचांकास गेला. तेथेही होड्या पाण्यात सोडण्याचे उतार एकामागून एक बंद पडले. पण कोणता उतार कोणत्या पातळीस निरुपयोगी होतो, हे तेथील यंत्रणा आकडे देऊन आधीच जाहीर करते. तेथे जाणारे बहुतेक हौशी नौकाविहारी असतात. आपल्याकडे होडी ही हौस नाही. धरणाने बुडवलेल्या रस्त्याची ती जागा आहे. हौशी लोकांसाठी जे होते, ते गरजूंसाठी होऊ नये काय?

आमची मागणी अवाजवी नाही. प्रत्येक उतारठिकाणी मीटरच्या खुणा असलेला खांब रोवावा. टक्केवारीबरोबर त्या दिवसाची पातळी आणि पुढील दोन दिवसांत ती चढेल की उतरेल, हे गावोगावी कळवावे. पाण्याबरोबर मागेपुढे हलवता येतील असे तरंगते धक्के द्यावेत. पाण्याखालील भिंतींवर तरंगत्या खुणा लावाव्यात. वादळाचा इशारा असता होडी सोडू नये आणि लाइफ जॅकेटवाचून कोणास बसवू नये. २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा पुस्तकात आहेच. तो काठावर दिसला पाहिजे.

दुर्घटनेनंतर कुगाव-शिरसोडी पुलास मंजुरी मिळाली, हे योग्यच झाले. परंतु एका पुलाने साऱ्या जलाशयाचा प्रश्न मिटत नाही. हिवाळ्यात रोहित पक्षी पाहण्यास आपण भिगवणला जातो, तेव्हा ज्याच्या होडीत बसतो त्या नावाड्यास आज पाणी किती मीटरांवर आहे, हे एकदा विचारावे. त्याला ते कोणी कळवले आहे की नाही, तेही विचारावे. या धरणासाठी ज्यांनी आपली गावे आणि रस्ते दिले, त्यांस पाण्याची खरी पातळी दररोज कळवणे हे शासनाचे उपकार नव्हेत. ते त्याच्यावरील जुने देणे आहे.