हिरव्या पाकिटाची पाटी कुठंय?

परवा मेडिकलमध्ये उभी होते. शेजारी तिशीतली एक बाई. दोन पुरुष गिऱ्हाईकं जाईपर्यंत तिनं उगाच साबण बघितले. मग मुठीतली पिळून संपलेली ट्यूब काउंटरवर ठेवली. "हीच द्या." पोरानं न विचारता दिली. बाहेर आल्यावर म्हणाली, "ताई, तिसरी आहे. लावली की बरं वाटतं, मग परत तेच."

परत तेच होणार. त्या खाजेच्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं. चार दिवस खाज दबते, बुरशी तशीच राहते आणि नाजूक जागेची कातडी पातळ होते. 2018 पासून असली मलमं चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. आपल्या तालुक्यात कोण विचारतंय?

"खाली खाज येते, दह्यासारखं पांढरं जातं", हे बहुतेक वेळा कॅन्डिडा नावाच्या बुरशीचं काम. चारपैकी साधारण तीन बायकांना आयुष्यात एकदा तरी हा त्रास होतो. अँटिबायोटिकचा कोर्स झाला, दिवस गेले, शुगर वाढली की ही बुरशी जोर धरते. यात घाणेरडेपणा नाही की वाईट चालही नाही. तरी घराघरात पहिला संशय बाईवरच! मग ती बिचारी साबण, डेटॉलनं धूत बसते, त्यानं आणखी बिघडतं.

औषध साधं आहे. फ्लुकोनॅझोल 150 मिलिग्रॅमची एक कॅप्सूल, नाहीतर आत ठेवायच्या क्लोट्रिमॅझोलच्या गोळ्या. गरोदर बाईनं कॅप्सूल घ्यायची नाही, आत ठेवायच्या गोळ्याच, त्याही डॉक्टरांना विचारून. पण वास येत असेल, ओटीपोटात दुखत असेल, ताप असेल तर आजार वेगळा, तपासणी हवीच. आणि वर्षात तीन-चारदा झालं तर आधी शुगर तपासा. कित्येकींचा मधुमेह असाच सापडतो.

आता मुद्द्याचं. हे औषध सरकारी दवाखान्यात फुकट देण्याची योजना आहे. अंगावरून जाण्याच्या तक्रारीसाठी हिरवं पाकीट, त्यात ही कॅप्सूल असते. पण योजना चालते लैंगिक आजारांच्या कार्यक्रमाखाली. 'गुप्तरोग' लिहिलेल्या दारातून गावातली कोणती बाई सगळ्यांदेखत आत जाईल? आणि आत डॉक्टर पुरुष असला की बोलणंच खुंटलं.

डेंग्यूची पाटी आहे, टीबीची आहे. मग "अंगावर पांढरं जातं, खाज येते? औषध मोफत, सिस्टरना भेटा" एवढी एक ओळ लिहायला काय लागतं? रंगाचा अर्धा डबा. आठवड्यातून एक दिवस बाई डॉक्टर बसवणं अवघड असेल, मान्य. पण पाकिटं शिल्लक आहेत का, हे तर ग्रामसभेत विचारता येतं. महिला सदस्यांनो, येत्या सभेत विचारा.

"हे इथं कशाला लिहिता" म्हणणारे कमेंटमध्ये येतीलच. त्यांनी आधी घरात विचारून यावं, फडताळात कोणती ट्यूब आहे ते.