आधी जीव, मग जाब

डोणगाव असो की मेहकर, होळीच्या दिवसांत कुणी भांगेची गोळी किंवा ठंडाई जास्त घेतली, की मित्रांची पहिली धडपड ती घरच्यांपासून लपवण्याची असते. खरा धोका या लपवालपवीत आहे.

खाल्लेली भांग चढायला अर्धा ते दोन तास लागतात. ‘काहीच होत नाही’ म्हणून पोरं दुसरी गोळी घेतात आणि मग दोन्हींचा असर एकत्र होतो. छाती धडधडते, जीव घाबरतो, आता मरणार असं वाटतं. बहुतेकांचं हे काही तासांत ओसरतं. नशा झटकन उतरवणारं औषध नाही.

अशा मित्राला एकटं सोडू नका. शांत जागी बसवा, घोटघोट पाणी द्या, धीर द्या. गुंगीत असेल तर कुशीवर झोपवा, तोंडात काही घालू नका. जबरदस्तीने उलटी करवू नका. गाडीची चावी काढून घ्या.

शुद्ध हरपली, श्वास मंदावला, झटके आले, छातीत दुखू लागलं किंवा लहान मुलाने खाल्लं असेल, तर लगेच १०८ ला फोन करा. काय, किती, केव्हा खाल्लं, ते डॉक्टरांना खरं सांगा.

नशा हराम आहे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण नसीहत सकाळी करता येईल. रात्री घरातल्या एका मोठ्या माणसाला उठवा. आणि नशेची सवयच लागली असेल, तर १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर मोफत बोला.