कुलूप आपलं, पण चोर कोण?

गेल्या वर्षावासात आमच्या वस्तीतल्या विहारात एक माहितीपट दाखवायचं ठरलं. रीतसर पैसे भरून तो विकत घेतला. प्रोजेक्टर उसना आणला, जुनाच होता. साठ-सत्तर माणसं येऊन बसली, दिवे घालवले आणि पडद्यावर नुसता काळोख. आवाज येतोय, चित्र नाही. लॅपटॉपवर दिसतंय, पडद्यावर दिसत नाही. कारण नंतर कळलं. त्या व्हिडिओच्या कुलुपाला आमचा जुना प्रोजेक्टर विश्वासू वाटला नव्हता. पैसे भरणारे आम्ही चोर ठरलो. आणि तोच माहितीपट आठवड्याभरात मोबाईलच्या ग्रुपवर फुकट फिरत होता.

हे आठवण्याचं कारण म्हणजे आपल्यातली व्हिडिओ करणारी पोरं. कुणी जलसे चित्रित करतं, कुणी गावोगावच्या मुलाखती घेतं, कुणी माहितीपट बनवतं. त्यांची मागणी आहे, "ताई, आपणही डीआरएम लावू. कंपनीचं नको, ओपन सोर्स लावू." कंपनी नको इथपर्यंत मी त्यांच्यासोबत आहे. पण कुलूप मुक्त कोडचं झालं म्हणून ते आपल्या बाजूचं होतं, हा भ्रम आहे. तो आज मोडायला हवा.

आधी तांत्रिक बाजू बघू. एफएफएमपेग हे मुक्त साधन आहे. त्याने व्हिडिओचे लहान तुकडे करून ते एईएस-१२८ ने कूटबद्ध करता येतात आणि चावी आपल्या सर्व्हरवर ठेवता येते. पण ज्याला व्हिडिओ दाखवायचा, त्याच्या मोबाईलला ती चावी द्यावीच लागते. केर्कहोफ्सने १८८३ मध्ये सांगितलं होतं की यंत्रणा शत्रूच्या हाती पडली तरी बिघडू नये, गुपित फक्त चावीत असावं. दोन मित्रांमधल्या पत्राला हे लागू पडतं. इथे पत्र ज्याला पाठवायचं, संशयही त्याच्यावरच!

म्हणूनच वाइडवाइन, प्लेरेडी, फेअरप्ले या यंत्रणांचा गाभा बंद असतो. चावी प्रेक्षकाच्याच यंत्रात, पण त्याच्यापासून लपवून ठेवायची असते. २०१७ मध्ये डब्ल्यूथ्रीसीने ब्राउझरमधल्या अशा कुलुपांसाठी मानक मंजूर केलं. त्यात 'क्लिअर की' नावाचा खुला पर्याय आहे, पण त्यात चावी उघडीच ब्राउझरकडे येते. जाणकाराला ती काढायला वेळ लागत नाही. त्या मानकाच्या निषेधार्थ इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन ही संस्था डब्ल्यूथ्रीसीतून बाहेर पडली. आणि बंद कुलुपं तरी टिकली का? डीव्हीडीचं कुलूप १९९९ मध्येच फुटलं. त्यातूनही काही नाही जमलं, तर पडद्यासमोर मोबाईल धरून चित्रीकरण करणाऱ्याला कोणता कोड अडवणार?

मग कुलूप अडवतं कुणाला? जुना प्रोजेक्टर असलेल्या विहाराला. स्वस्त मोबाईल असलेल्या पोरीला. रेंज असलेल्या ठिकाणी एकदा उतरवून घरी पाहणाऱ्या ऊसतोड कामगाराला. चोर भिंत चढून जातो, दारात अडकतो तो आपला माणूस. आपल्याला दारात अडकवण्याचा इतिहास आपण विसरलो काय?

'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'ने छापली नाही. पुढे बाबासाहेबांनी स्वतःचा छापखाना उभा केला. त्यांनी छपाईचं साधन हातात घेतलं, वाचकाच्या हाताला कुलूप लावलं नाही. एक जण वाचायचा आणि दहा जण ऐकायचे, हे आपल्या आजोबांकडून आपण ऐकलं आहे. त्या दहा जणांना आज आपण 'पायरसी' म्हणणार का?

आता दुसरी बाजू, आणि इथे मी चळवळीलाच बोलणार आहे. कॅमेऱ्याचं भाडं, प्रवास, संपादन करणाऱ्याची मजुरी हे सगळं कोण देतं? शाहिराला आपण हार घालतो, शाल देतो, आणि परतीच्या तिकिटाचं विचारत नाही. "समाजासाठी आहे, फुकट टाका" म्हणणाऱ्याने आधी स्वतःच्या खिशात हात घालावा. कुलूप मागणारी पोरं लोभी नाहीत, ती थकली आहेत. पण त्यांचं पोट कुलपाने भरणार नाही. ते भरेल आगाऊ वर्गणीने, गावोगावच्या तिकिटाच्या खेळांनी आणि मंडळांनी ठरवून दिलेल्या मानधनाने.

आणि आपलं खरं काय चोरीला जातं? प्रत नाही, नाव. गायिकेचं नाव कापून दुसऱ्याच चॅनेलचा शिक्का मारला जातो, तासाच्या मुलाखतीतलं अर्ध वाक्य उचलून उलटा अर्थ पसरवला जातो. हे कोणतंही कुलूप थांबवत नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ चं कलम ५७ कर्त्याला नावाचा आणि विपर्यासाला विरोध करण्याचा हक्क देतं, तो हक्क विकल्यावरही उरतो. २०१२ च्या दुरुस्तीने कलम ३८ब आलं. त्यामुळे गाणाऱ्या-वाजवणाऱ्या कलावंतांनाही तसा हक्क मिळाला. किती शाहिरांना हे आपण सांगितलं?

म्हणून निवड अशी करा. एफएफएमपेगनेच नाव आणि तारीख चित्राच्या मधोमध फिकट छापा, कोपऱ्यातलं नाव सहज कापलं जातं. मूळ फाइलचा शा-२५६ ठसा काढून प्रसिद्धीच्या दिवशीच जाहीर करा, म्हणजे बदललेली प्रत ओळखता येईल. जमलं तर पीअरट्यूबसारख्या मुक्त यंत्रणेवर स्वतःचा सर्व्हर उभा करा. पहिल्या महिन्यात फक्त वर्गणीदारांना दाखवायचं असेल तर साधा पासवर्ड ठेवा, नंतर सर्वांना खुलं करा.

अपवाद एकच, अत्याचारग्रस्ताची साक्ष. तिथे कूटबद्ध करून टाकलं की झालं, असं समजू नका. चेहरा आणि आवाज संपादनातच बदला. त्या बाईची संमती नसेल तर ते चित्रण कुठेही टाकूच नका. कुलूप फुटतं आणि त्याची किंमत कोड लिहिणारा मोजत नाही, गावात राहणारी ती मोजते.

आपलं चित्रण पाहणारा प्रत्येक जण आपल्याला चोर वाटू लागला, तर आपण ते करतोय कुणासाठी?

जय भीम!