किरणांच्या वर्गात रक्ताचा धडा

सोलापुरात भवानी पेठेत यंत्रमागावरच्या तरुणाच्या मानेत गाठ आली आणि ती हॉजकिन लिंफोमा निघाली, की घरचे बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयाचा नाहीतर मुंबईच्या टाटाचा रस्ता धरतात. चौकशी होते केमोची. ‘लाईट’ (किरणोपचार) म्हणजे तोंडाच्या कॅन्सरला, असाच समज. खरं तर कमी जोखमीच्या, सुरुवातीच्या हॉजकिनमध्ये केमोनंतर किरणांचे २० ग्रे पुरतात. पण हृदय वाचवून. रक्ताच्या काही कॅन्सरमध्ये अस्थिमज्जा प्रत्यारोपणाआधी सर्वांगाला तीन दिवसांत सहा वेळा मिळून १२ ग्रे द्यायचे, तेही फुप्फुसं जपून. हे कसब पुस्तकातून येत नाही. डॉ. सुरेश अडवाणींनी टाटात १९८३ मध्ये प्रत्यारोपण सुरू केलं. तरी किरणोपचाराच्या निवासी डॉक्टरांचे दिवस तोंड, स्तन, गर्भाशयमुखातच सरतात (रांगच तेवढी!). आरोग्य विद्यापीठाने प्रत्येकाला काही आठवडे प्रत्यारोपण केंद्रात सक्तीने पाठवावं.