चपलांचा बिल्ला आणि वेबसाइटची कुकी



आमच्या सुनेचं घरगुती पदार्थांचं छोटं दुकान वेबसाइटवर चालतं, हे तुम्हाला माहीतच आहे. पापड, मेतकूट, कच्च्या केळीचे वेफर्स आणि बाळंतिणीचा डबा, म्हणजे डिंकाचे आणि आळिवाचे लाडू. त्या डब्यावरूनच हे लिहायची वेळ आली.

आमच्या ओळखीतल्या एक बाई आहेत. त्यांच्या लेकीला दिवस गेलेले. आधी दोनदा निराशा झाली होती, म्हणून पाचवा महिना लागेपर्यंत कुणाकडे बोलायचं नाही असं ठरलेलं. एका दुपारी त्यांनी आमच्या वेबसाइटवर डब्याची किंमत पाहिली, एवढंच. चार दिवसांनी त्यांची नणंद त्यांच्याच मोबाइलवर बातम्या वाचत होती, तर मध्येच आमच्या डब्याची जाहिरात. दुसरं पान उघडलं, तिथेही तीच. नणंदेने विचारलं, "कुणासाठी गं?"

बाई मला म्हणाल्या, "वहिनी, मी तोंडातून शब्द काढला नव्हता. तुमच्या दुकानानं सांगितलं."

मी वेबसाइट बनवणाऱ्या मुलाला घरी बोलावलं. दोन वेळा चहा झाला तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं. देवळाबाहेर चपला ठेवल्या की आपल्याला बिल्ला देतात ना, कुकी म्हणजे तसाच बिल्ला. वेबसाइट आपल्या ब्राउझरकडे एक नंबर ठेवायला देते. पुन्हा गेलं की ब्राउझर तो नंबर दाखवतो आणि दुकान ओळखतं, की टोपलीत दोन पाकिटं पापड टाकणारी हीच. १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतल्या लू मॉन्टुली यांनी ही युक्ती काढली. त्याशिवाय वेबसाइटला मागचं काही आठवतच नाही. या बिल्ल्याबद्दल माझी काही तक्रार नाही. त्याच्याविना दुकान चालणार कसं?

पण आमच्या पानावर जाहिरात कंपनीचाही एक कोड बसवलेला होता. तो येणाऱ्या प्रत्येकीच्या ब्राउझरमध्ये आणखी एक बिल्ला ठेवायचा, आमचा नव्हे, त्या कंपनीचा. मग ती बाई बातम्यांच्या पानावर गेली, तिथेही त्याच कंपनीची जाहिरातीची जागा. नंबर जुळला की झालं, आमचा डबा तिच्यापुढे हजर. चपलांचा बिल्ला देणारा माणूस भाजीमंडईपर्यंत मागे येऊन ओरडावा, तसं.

मुलगा म्हणाला, "काकू, सगळेच लावतात. आणि खाली पट्टी येते की, 'ॲक्सेप्ट'ची." मी ती पट्टी पाहिली. इंग्रजीत, बारीक अक्षरांत, आणि बटण एकच. नको म्हणायला जागाच नाही! याला विचारणं म्हणायचं का?

आपल्या संसदेने २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. संमती माणसाने समजून, स्वखुशीने आणि स्पष्ट कृतीने द्यायला हवी, ती विचारणारा मजकूर मराठीसकट आठव्या परिशिष्टातल्या कुठल्याही भाषेत वाचायची सोय हवी, आणि दिलेली संमती मागे घेणंही तितकंच सोपं हवं, असं त्यात आहे. फ्रान्समध्ये तर जानेवारी २०२२ मध्ये गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरोंचा दंड जाहीर झाला. कारण काय, तर कुकी स्वीकारायला एक टिचकी पुरायची आणि नाकारायला अनेक लागायच्या.

पण आपल्याला कायद्यापर्यंत जायची गरज तरी काय? न दिलेलं घेणं म्हणजे अदत्तादान, हे आपण पाठशाळेत शिकलो. दुसऱ्याच्या परसातलं फूलही विचारून तोडायचं, आणि इथे एका आईची काळजी आम्ही न विचारता उचलून तिसऱ्याच्या हातात दिली. आम्हाला माहीत नव्हतं, ही सबब मला पटत नाही. दुकान आमचं आहे.

सून म्हणाली, "आई, जाहिरात बंद केली तर विक्री बसेल." बी.कॉम. केलेलं कधीतरी उपयोगी पडावं म्हणून मी वही घेऊन बसले. जाहिरातीचं बिल एका बाजूला, ऑर्डरी दुसऱ्या बाजूला. बहुतेक ऑर्डरी व्हॉट्सॲपवरच्या, नाहीतर जुन्या गिऱ्हाइकांच्या. ज्या जाहिरातीतून आल्या त्यांचा नफा बिलाइतकाही नव्हता. नफा निघाला असता तरी मी हेच म्हटलं असतं, पण वहीमुळे वाद लवकर मिटला एवढं खरं.

तो कोड आता काढला आहे. टोपलीची कुकी ठेवली. किती जण येऊन जातात हे मोजणारी एक कुकी सुनेला हवी आहे, तिच्यासाठी मराठीत दोन ओळी लिहून खाली 'चालेल' आणि 'नको' अशी सारख्याच आकाराची बटणं करायला सांगितली आहेत. मुलाने पहिल्या खेपेला 'चालेल' हिरवं आणि 'नको' फिकट राखाडी करून आणलं. परत पाठवलं.

त्या बाईंच्या लेकीला आता सातवा लागलाय. डब्याची ऑर्डर त्यांनी आम्हालाच दिली, पण फोन करून. वेबसाइटवर त्या अजून जात नाहीत.