टाके सुकले, पण ठोके?

पांढुर्णा-सौंसर भागात कोणाला फुप्फुसाचा कॅन्सर निघाला की घरचे बहुधा नागपूरचा रस्ता धरतात. बोली ओळखीची, नातेवाईक तिथेच, आणि पांढुर्ण्याहून अंतर शंभरेक किलोमीटर. २०२३ मध्ये पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला, तरी मोठ्या ऑपरेशनची वाट तीच राहिली.

ऑपरेशन फुप्फुसाचं असलं तरी काळजी हृदयाचीही असते. फुप्फुसाचा भाग काढताना हृदयाजवळच्या शिरा-मज्जातंतूंना धक्का बसतो, सूज येते आणि काहींचे ठोके अचानक जलद, बेताल पडू लागतात. डॉक्टर याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. फुप्फुसाचा एक खंड काढल्यावर साधारण १० ते २० टक्के रुग्णांना हे होतं. पूर्ण फुप्फुस काढल्यास प्रमाण आणखी वाढतं. बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी, म्हणजे दवाखान्यातच, ते कळतं आणि बहुतेकदा औषधाने आटोक्यात येतं. पण घरी आल्यावरही ते उलटू शकतं. बेताल हृदयात रक्ताची गुठळी होऊन मेंदूत गेली तर लकवा! म्हणून काहींना रक्त पातळ ठेवायची गोळी देतात.

माझा मुद्दा इथेच आहे. गोळी कशासाठी, किती दिवस, हे सुटीच्या कागदावर असतं इंग्रजीत. घरचे म्हणतात, "टाके सुकले, आता कायची गोळी?" आणि ती बंद होते. याला निष्काळजीपणा म्हणू नये. कागद त्यांच्याशी बोललाच नाही.

मध्य प्रदेशाने २०२२ मध्ये एमबीबीएसची पुस्तकं हिंदीत आणली. शिकणाऱ्याला त्याची भाषा, तर भोगणाऱ्याला का नाही? आयुष्मान कार्ड राज्याची सीमा ओलांडतं. सूचना मात्र भाषेच्या सीमेवर अडतात.

डॉक्टरांना वेळ कुठे, असं कोणी म्हणेल. खरं आहे. पण हे पान एकदाच लिहायचंय. छातीत धडधड, दम, चक्कर आली तर त्याच दिवशी दाखवा. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं तर लगेच १०८ लावा. गोळी मनाने बंद करू नका. बस्स, एवढंच.

मजकूर डॉक्टरांनी तपासावा, मराठी आपण लिहावी. 'पाल्पिटेशन'ला 'हृदयस्पंदनवृद्धी' नको. 'जीव घाबरते' हेच म्हणू. २७ फेब्रुवारीला आपण भाषेचा गौरव करतोच. यंदा मंडळाने हे एक पान करावं. कविता पुढच्या अंकातही छापता येतील.