एकट्या खांद्यावरचे सॉफ्टवेअर

मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड हा मायक्रोसॉफ्टमधला अभियंता एका डेटाबेसच्या वेगाची चाचणी घेत होता. दुसऱ्या संगणकात लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो, हे त्याला खटकले. अर्ध्या सेकंदासाठी कोण डोके खाजवत बसतो? तो बसला. शोधता शोधता ‘एक्सझेड युटिल्स’ या फाइलींचा आकार कमी करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कुणीतरी मुद्दाम बसवलेली चोरवाट त्याला सापडली. २९ मार्चला त्याने ती जाहीर केली. तोवर या आवृत्त्या लिनक्सच्या मुख्यतः चाचणीसाठीच्या वितरणांपर्यंतच पोहोचल्या होत्या. आणखी काही महिने गेले असते तर जगभरच्या असंख्य सर्व्हरांची किल्ली एका अज्ञाताच्या हाती गेली असती.

ही चोरवाट कुणी भिंत फोडून केलेली नव्हती. एक्सझेड हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर, म्हणजे कुणीही वाचावे, वापरावे, सुधारावे असे. ते वर्षानुवर्षे मुख्यत्वे एकच प्रोग्रामर बिनपगारी सांभाळत होता. २०२१ च्या अखेरीस ‘जिया टॅन’ या नावाने कुणीतरी मदतीला आले. २०२२ मध्ये काही अनोळखी नावांनी तगादा लावला : सुधारणा रखडतात, दुसऱ्या कुणाला जबाबदारी का देत नाही? हे छंदाचे काम आहे, पैसे मिळत नाहीत, असे त्या बिचाऱ्याने सांगून पाहिले. शेवटी अधिकार वाटून दिले गेले. जिया टॅन कोण, हे आजवर उघड झालेले नाही.

अशा प्रकल्पांची प्रकृती मोजण्यासाठी लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली २०१७ पासून ‘केऑस’ नावाचा उपक्रम चालतो. कुणी दोष कळवला तर पहिले उत्तर किती दिवसांनी मिळते, नवे लोक येतात का, आलेले टिकतात का, असे अनेक निर्देशांक त्याने ठरवले आहेत. त्यातला सर्वात बोलका निर्देशांक म्हणजे प्रकल्पाचे निम्मे काम किती जणांच्या हातात आहे. त्याचे जुने नाव ‘बस फॅक्टर’, म्हणजे किती जण बसखाली आले की काम ठप्प होईल. (आता त्याला जरा सौम्य नाव दिले आहे.) हा आकडा एक असेल तर प्रकल्प अतिदक्षता विभागात आहे असे समजावे.

पण एक्सझेडला हीच पट्टी लावली तर गंमत दिसते. जिया टॅन आल्यावर हा प्रकल्प कागदावर सुधारलाच असता. एकाचे दोन हात झाले, रखडलेली कामे पुढे सरकली. तापमापकाने ताप उतरल्याचे दाखवले आणि आजार मात्र वाढत होता. आकडा एखादा नवा माणूस आल्याचे सांगतो, तो कशासाठी आला हे सांगत नाही.

आकड्यालाच लक्ष्य केले की काय होते, तेही पाहायला मिळाले आहे. २०२० च्या ‘हॅक्टोबरफेस्ट’मध्ये चार बदल सुचवणाऱ्याला टी-शर्ट मिळत होता. लोकांनी स्वल्पविराम हलवून, एखादे विशेषण घुसडून निरर्थक बदलांचा पाऊस पाडला. योगदान वाढले आणि सांभाळणाऱ्यांचा जीव मेटाकुटीला आला. आयोजकांना त्याच महिन्यात नियम बदलावे लागले.

मग मोजूच नये का? माझ्या मते, मोजावे. फक्त त्याचा उपयोग चोर पकडण्यासाठी नाही. एवढा मोठा डोलारा एका थकलेल्या माणसावर उभा आहे, हे २०२१ च्या आधीच दिसू शकत होते. डाउनलोडचा आकडा सगळे बघतात, पण तो गरज सांगतो, प्रकृती नव्हे. २०१४ मध्ये ‘हार्टब्लीड’ हा दोष सापडला, तेव्हा इंटरनेटवरच्या व्यवहारांना कुलूप घालणाऱ्या ‘ओपनएसएसएल’ला वर्षाकाठी जेमतेम दोन हजार डॉलर देणग्या मिळत होत्या. बड्या कंपन्यांनी मग निधी उभारला खरा, पण दहा वर्षांनी तोच आजार दुसऱ्या घरात निघाला.

हे आरोग्याच्या सदरात कशाला? छत्तीसगडमधल्या गनियारी येथील जन स्वास्थ्य सहयोगच्या रुग्णालयासाठी बनलेली ‘बाहम्नी’ ही रुग्णनोंद प्रणाली ‘ओपनएमआरएस’ या ओपन सोर्स सॉफ्टवेअरवर उभी आहे. अशा प्रणालीचा सर्व्हर बहुधा लिनक्सवर चालतो आणि त्याच्या पोटात एक्सझेडसारखे डझनावारी छोटे प्रकल्प असतात. रुग्णालय यंत्राची वार्षिक देखभाल करारात लिहून घेते. या प्रकल्पांच्या देखभालीचा रकाना त्यात नसतो. भारतात झिरोधा या दलाली कंपनीने २०२४ मध्ये अशा प्रकल्पांसाठी वर्षाला दहा लाख डॉलरचा निधी जाहीर केला. सरकारी निविदांतही निम्मे काम किती जणांच्या हातात, हा प्रश्न विचारता येईल आणि उत्तर ‘एक’ आले तर सॉफ्टवेअर नाकारण्याऐवजी त्या एकाला मानधन देता येईल.

एक्सझेडमधली ती चोरवाट मे २०२४ मध्ये ५.६.२ या आवृत्तीत साफ झाली. ती आवृत्ती काढली त्याच मूळ प्रोग्रामरने.